प्रभाग नऊचा मंजूर अन्याय

वर्ष संपायच्या आत प्रत्येक प्रभागाने आपल्यावर झालेला किमान एक अन्याय शोधून त्याचा जाहीर प्रयोग करावा, असे परिपत्रक सांस्कृतिक खात्याने काढले आणि प्रभाग नऊचे सांस्कृतिक अधिकारी काळजीत पडले. आठ नंबरकडे बंद पाडलेली शाळा होती. दहा नंबरकडे उठवलेली वस्ती होती. सात नंबरकडे तर इतके अन्याय निघाले की त्यांना निवड समिती नेमावी लागली. नऊ नंबरकडे अर्ज पुष्कळ आले, पण एकही नियमात बसेना. कलम चारनुसार अन्याय तीस वर्षांहून जुना हवा होता आणि तो करणारा माणूस एकतर वारलेला, नाहीतर बदली होऊन गेलेला हवा होता. आलेले अन्याय मात्र सगळे अगदी ताजे. एका कुटुंबाचा जिना दुरुस्तीसाठी काढून नेला होता आणि ती माणसे सात महिने शिडीने घरात ये-जा करत होती. अधिकाऱ्यांनी त्या अर्जावर ‘तीस वर्षांनी पुन्हा यावे’ असा शेरा मारला आणि डोके धरून बसले.

त्यांचे टेबल पुसत असलेली बाई तेव्हा सहज बोलून गेली की या इमारतीतच एक संप झाला होता म्हणे.

ही बाई म्हणजे धाकटी. वय सेहेचाळीस. थोरली बहीण केव्हाच लग्न होऊन लांब गेलेली, तरी आई हिला धाकटीच म्हणायची, आणि केंद्रातल्या सफाईच्या बायकांनीही तेच नाव उचलले होते. सांस्कृतिक केंद्र व्हायच्या आधी ही इमारत म्हणजे मोठ्या दवाखान्याचे धुलाईघर होते. धाकटीची आई तिथे चादरी धुवायला होती.

अधिकाऱ्यांनी पेन उचलले. संपाला किती वर्षे झाली, असे विचारले. एक्केचाळीस, धाकटी म्हणाली. व्यवस्थापक हयात आहेत का? नाहीत. बायकांपैकी कोणी आहे का? आई आहे आणि तिला सगळे आठवते.

“उत्तम,” अधिकारी म्हणाले. “फारच उत्तम अन्याय आहे.” कधी नव्हे ते त्यांनी धाकटीकडे नीट पाहिले. ती उभी होती.

झाले होते ते असे. धुलाईघरात त्रेसष्ट बायका होत्या आणि पाळी दहा तासांची होती. उकळत्या सोड्याच्या पिंपांपासून इस्त्रीच्या रुळांपर्यंत सगळे काम उभ्याने. बसायची बंदी होती; बसलेली बाई दिसली की हजेरीवहीत तिच्या नावापुढे फुली. एक दिवस आईची जोडीदारीण, सातवा महिना लागलेली, ओल्या चादरींच्या ढिगावर पाच मिनिटे टेकली आणि तिची फुली पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणी आल्या, भोंगा वाजला आणि सगळ्या जमिनीवर बसल्या. अकरा दिवस बसल्या. दवाखान्यात रोगी वर्तमानपत्रांवर निजायला लागले. बाराव्या दिवशी वीस स्टुलं आली. त्रेसष्ट जणींत वीस, आळीपाळीने बसायचे.

आई ही हकिगत सांगायची ती हसत हसत. त्यातही तिसऱ्या दिवसावर आली की तिला हसू आवरायचे नाही. व्यवस्थापक दम द्यायला म्हणून तरातरा आत आले, ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि बायकांच्या मधोमध बसकण मारते झाले. आईने तिथल्या तिथे म्हटले होते, “साहेब, तुमची फुली पडली.” एवढे सांगून झाले की आई डोळे पुसायची आणि धाकटीच्या गुडघ्यावर थोपटायची. “आम्ही बसलो म्हणून तुम्हाला आज बसायला मिळतं. बसतेस ना गं मधूनमधून?”

“बसते की,” धाकटी म्हणायची.

नऊ वर्षे ती हेच म्हणत आली होती. केंद्राची सफाई ठेकेदाराकडे होती आणि ठेक्याच्या कलम चौदानुसार कामाच्या वेळेत बसलेला आढळणारा कर्मचारी गैरहजर समजला जाणार होता. प्रेक्षागृहात चारशे ऐंशी खुर्च्या होत्या. धाकटी आणि तिच्या बरोबरच्या तिघी जणी त्या रोज पुसायच्या, पाठ पुसायची, हात पुसायचे, बैठक उघडून खालची बाजू पुसायची. खुर्ची कशी लागते ते मात्र चौघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. ठेकेदाराचा मुकादम दिवसातून दोनदा फेरी मारायचा, शिवाय कॅमेरे होतेच. हे आईला सांगण्यासारखे नव्हते. म्हातारीच्या आयुष्यात जिंकलेली अशी एकच गोष्ट होती. ती कशाला काढून घ्यायची?

प्रयोग बसवायला एक दिग्दर्शिका नेमली गेली. चांगली बाई होती. तिने अशा बारा प्रभागांवरचे अन्याय बसवले होते. पहिल्याच दिवशी तिने सफाईच्या चौघींना जवळ घेतले आणि सांगितले की हे नाटक तुमचे आहे, मी फक्त निमित्त. मग तालमीच्या खोलीत चटया घालायला सांगितल्या.

आईची मुलाखत झाली. दिग्दर्शिका घरी आली, आईचा हात हातात घेऊन बसली, आणि आईने अकराच्या अकरा दिवस सांगितले. तिसऱ्या दिवसाला आई हसली, तशी दिग्दर्शिकेने रेकॉर्डिंग थांबवले. जरा थांबून, पाणी पिऊन, हाच भाग पुन्हा सांगाल का, असे तिने मायेने विचारले. आईने पुन्हा सांगितला आणि पुन्हा हसली. चार वेळा असे झाले. शेवटी दिग्दर्शिका म्हणाली की वेदनेचा धागा तुटतो आहे. आईला वाटले, तिच्या साडीचा. तिने वाकून पाहिले.

पात्रांसाठी निवड चाचणी जाहीर झाली तेव्हा प्रभागातल्या रहिवाशांना प्राधान्य होते. आईनेही नाव दिले, स्वतःच्याच भूमिकेसाठी. निवड समितीपुढे ती चादर पिळून दाखवायला उभी राहिली, चादर नव्हती तरी तिने ती पिळली, झटकली, दोरीवर टाकली. समितीने नोंद केली: ‘उमेदवार भूमिकेला शारीरिकदृष्ट्या जवळची वाटते, परंतु दुःख दिसत नाही.’ भूमिका एका बँकेतल्या बाईंना मिळाली. त्यांना सांगाल तेव्हा रडता येत होते.

आईला वाईट वाटले नाही. “त्या बाईंचे हात बघितलेस का?” ती घरी आल्यावर म्हणाली. “कापसासारखे आहेत. सोड्यात घातले असते तर दुसऱ्या दिवशी सालटं निघाली असती. बरं झालं बाई, त्या नाटकात आहेत.”

दुसरी अडचण व्यवस्थापकांची आली. ते वारले होते, ते नियमाला धरूनच होते. पण त्यांचे नातू प्रयोगाचे प्रमुख पाहुणे होते. नातवांनी स्वतः काही हरकत घेतली नाही, फक्त आजोबा घरी फार प्रेमळ होते एवढे कळवले. अधिकाऱ्यांनी त्यावर टिप्पणी तयार केली. मग बायकांना बसू न देणाऱ्या माणसाच्या जागी ‘काळ’ नावाचे पात्र आले. काळ म्हणजे काळ्या कापडात गुंडाळलेला एक उंच मनुष्य. तो अधूनमधून रंगमंचावरून जायचा आणि घोगऱ्या आवाजात “बसू नका” म्हणायचा. त्याला कोणी नेमले, पगार कोण देतो, हे नाटकात कुठेच येत नव्हते. काळाला घसरून पडणे शोभणार नाही म्हणून तिसरा दिवस गाळला. वेळ कमी होता म्हणून आणखी सात दिवस गाळले. संप तीन दिवसांचा झाला. स्टुलं काढून टाकली, कारण स्टूल हे फार छोटे प्रतीक आहे असे दिग्दर्शिकेचे मत पडले. शेवटी बायका वर पाहतात आणि वरून प्रकाश येतो असे ठरले.

पात्रांना त्या बायकांचे भोग कळावेत म्हणून एक अनुभव शिबिर झाले. बँकेतल्या बाई आणि इतर अकरा जणी तालमीच्या खोलीत सलग वीस मिनिटे उभ्या राहिल्या. सतराव्या मिनिटाला एकीला गरगरले. नंतर सगळ्या गाद्यांवर आडव्या झाल्या आणि एका समुपदेशकाने त्यांना मोकळे होऊ दिले. धाकटी कोपऱ्यात फडका घेऊन सांडलेले पाणी पुसत होती. बँकेतल्या बाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले आणि हळवेपणाने म्हणाल्या, “खरं सांगते, उभं राहणं काय असतं याची आपल्याला कल्पनाच नसते.”

धाकटी हो म्हणाली. तिला अजून साडेपाच तास होते.

पहिल्या प्रयोगाला चारशे ऐंशी खुर्च्या भरल्या. आईला पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसवले होते. धाकटी मागच्या दाराशी भिंतीला खेटून उभी होती. नाटक चांगले झाले, यात वाद नाही. बँकेतल्या बाई चादरींच्या ढिगावर टेकल्या, काळाने “बसू नका” म्हटले, आणि अंधारात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. प्रमुख पाहुण्यांनी दोनदा चष्मा पुसला.

नेमकी त्याच वेळी, बाहेरच्या बोळात, शिट्टी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली. शिट्टी ही सफाईच्या चौघींतली सगळ्यांत मोठी. काम करताना शीळ घालायची म्हणून हे नाव. तिच्या पोटऱ्यांतल्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. प्रेक्षक आत, मुकादम जेवायला गेलेला, असा हिशेब करून ती पाच मिनिटे बसली. मुकादम जेवून लवकर परतला. ओरडला वगैरे नाही. खिशातला फोन काढून त्याने तिची गैरहजेरी भरली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला, कारण या महिन्यातली तिची ही तिसरी होती.

दाराच्या फटीतून धाकटीने ते ऐकले. आत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मध्यंतरात आई मोरीकडे जायला बाहेर आली तर शिट्टी भिंतीकडे तोंड करून उभी, आणि धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आईने काय झाले म्हणून विचारले. शिट्टीने सांगून टाकले. तिला काय ठाऊक की धाकटीच्या घरात नऊ वर्षे काय सांगितले जात होते.

आई धाकटीकडे वळली.

“तूसुद्धा?” तिने मग विचारले.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

धाकटीला वाटले होते, आई रागावेल. आई रागावली नाही. तिचा चेहरा असा झाला, जसे कोणीतरी तिची पिशवी हातातून घेऊन आत काहीच नव्हते असे दाखवावे. दुसऱ्या अंकासाठी ती आत गेलीच नाही. घरी जाताना वाटेत एकदाच म्हणाली, “मग त्या आत रडत होत्या त्या कशाला?” त्या रात्री धाकटीला झोप लागली नाही, आणि सकाळी उठली तेव्हा काय करायचे ते ठरलेले होते. फारसे ठरवण्यासारखे त्यात काही नव्हतेही.

आठ वाजता धाकटी, शिट्टी आणि बाकीच्या दोघी केंद्राच्या मोठ्या दालनात आल्या, बादल्या भिंतीला लावल्या आणि फरशीवर बसल्या. कागदावर एक मागणी लिहून आणली होती: शिट्टीला परत घ्यावे आणि चौघींना चार स्टुलं द्यावीत.

मुकादमाने आधी शिट्टी सोडून तिघींच्या गैरहजेऱ्या भरल्या, मग अधिकाऱ्यांकडे धाव घेतली. अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त नियम जाणत होते. हा अन्याय चालू वर्षातला होता आणि करणारी माणसे हयात होती, तेव्हा त्यांच्या खात्यात तो येत नव्हता. संप म्हणून नोंद केली तर उत्तर द्यावे लागणार, चौकशी बसवावी लागणार, ठेका तपासावा लागणार. कार्यक्रम म्हणून नोंद केली तर नुसता क्रमांक द्यावा लागतो.

त्यांनी क्रमांक दिला.

दिग्दर्शिका आली आणि चौघींना तशा बसलेल्या पाहून तिचे डोळे भरून आले. “हेच,” ती म्हणाली. “नाटक रंगमंचावरून उतरून लोकांत आलं. मला हेच हवं होतं.” धाकटीने तिला सांगितले की हे नाटक नाही. दिग्दर्शिकेने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, हे वाक्य तर मुळीच बदलू नका.

दुपारपर्यंत दाराशी फलक लागला: ‘बैठक. मूळ जागी, मूळ समाजासह. रोज चार ते सात.’ ठेकेदारही खूश होता. संप असता तर ठेका अडचणीत आला असता. आता त्याचे तीन कर्मचारी कलेसाठी उसने गेले होते. सफाईसाठी त्याने दुसऱ्या चार बायका आणल्या. या नव्या बायका बसलेल्या चौघींच्या भोवतीने झाडत. त्यांनाही कलम चौदा लागू होते, शिवाय त्या मध्येच बसल्या तर प्रयोगाची रचना बिघडेल अशी समज त्यांना देण्यात आली.

मागणीचा कागद संहिता समितीकडे गेला, कारण कार्यक्रमासोबत आलेला कागद म्हणजे संहिता. समितीने तिसऱ्या दिवशी तो शेऱ्यासह परत पाठवला: ‘संघर्ष चांगला आहे. शेवट मात्र नाही. लेखिकांनी शेवट जोडून पुन्हा सादर करावे.’ धाकटीने खाली लिहिले, ‘शेवट: शिट्टीला परत घेतले. चार स्टुलं आली.’ ते दुसऱ्याच दिवशी परत आले. ‘शेवट फार सरळ वाटतो. प्रेक्षकांना अस्वस्थ करून घरी पाठवणारा असावा.’

आणि प्रेक्षक येत होते. पहिल्या प्रयोगाला रडलेले बहुतेक सगळे आले, येताना ओळखीच्यांना घेऊन आले. उभे राहून त्यांचे पाय दुखू लागले म्हणून अधिकाऱ्यांनी प्रेक्षागृहातल्या साठ खुर्च्या दालनात आणवल्या आणि चौघींच्या भोवती गोल मांडल्या. लोक बसून पाहत. कोणी म्हणत, किती सहज आहे. कोणी म्हणत, जरा संथ आहे. एका गृहस्थांनी पुढे वाकून धाकटीला विचारले की हे संपते कधी. स्टुलं आली की, धाकटी म्हणाली. गृहस्थ मागे वळून पत्नीला म्हणाले, “बघ, संवादसुद्धा कसे बेतलेत.”

धाकटीला पहिले तीन दिवस संताप येत होता. चौथ्या दिवशी तिला भीती वाटायला लागली. कोणी ओरडले असते, पोलीस बोलावले असते, बादल्या फेकल्या असत्या, तर आपण आहोत एवढे तरी कळले असते. इथे लोक येत, गहिवरत, आणि जाताना अभिप्रायाच्या कागदावर खूण करत. ‘त्या काळी असता तर तुम्ही या बायकांसोबत बसला असता का?’ असा एक प्रश्न होता. सगळ्यांनी ‘हो’वर खूण केली होती.

पाचव्या दिवशी आई आली.

कोणाला न विचारता ती खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत मध्ये गेली, गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, धाकटीच्या शेजारी खाली बसली. पडदा सांभाळणारा मनुष्य धावत आला आणि तुमचे नाव पात्रांच्या यादीत नाही म्हणाला. आईने त्याला ऐकू येत नाही असे दाखवले. मग तिने चौघींना तिसरा दिवस सांगायला घेतला. ओली फरशी, तरातरा आलेले व्यवस्थापक, साहेब तुमची फुली पडली. शिट्टी हसली. बाकीच्या दोघी हसल्या. फडके घेऊन कडेला उभ्या असलेल्या नव्या चौघी तोंड वळवून हसल्या. धाकटीने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण त्या जागेवर बसून पहिल्यांदाच. तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या की म्हातारी जरा जास्तच करते.

हसून झाल्यावर आईने मान वर करून गोलात नजर फिरवली. साठ खुर्च्या, साठ माणसे.

“तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं,” ती म्हणाली. आवाज रोजचाच होता, शेजारणीकडे विरजण मागावे तसा. “आमच्या वेळी बघायलासुद्धा कोणी आलं नव्हतं. आता एक करा. फक्त पाच जणांनी उठा, आणि आपापली खुर्ची इकडे सरकवा.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई अर्ध्या उठल्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांचा हात धरून खाली बसवले आणि कानात सांगितले की कलावंतांच्या कामात आपण ढवळाढवळ करू नये. आई वाट पाहत राहिली. धाकटी एकेका चेहऱ्याकडे पाहत होती. सगळ्यांचे डोळे ओले होते, यात खोटे काही नव्हते.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. पाठोपाठ साठ जणांनी टाळ्या वाजवल्या, खूप वेळ वाजवल्या, आणि बसूनच वाजवल्या.

त्या दिवसाच्या अभिप्रायांत खुर्ची मागण्याचा प्रसंग सर्वांत परिणामकारक ठरला. अधिकाऱ्यांनी तो कायम ठेवण्याची शिफारस केली. आता आई रोज पावणेसात वाजता खुर्ची मागते. ती खरोखरच मागते. दुसऱ्या कोणत्या रीतीने मागायचे ते तिला येत नाही. धाकटी तिचा हात धरून शेजारी बसलेली असते आणि समोरच्या रांगेत कोणी उठते का, ते पाहत असते. अजून तरी कोणी उठलेले नाही.

लोकाग्रहास्तव मुदत वाढवली आहे. आपण अजून पाहिले नसेल तर जरूर यावे. रविवारी गर्दी असते, तेव्हा जरा लवकर निघावे. बसायला खुर्ची मिळते.